नानांच्या फाईलमधल्या दोन ओळी

चोपडा तालुक्यातून आलेलं पत्र, बरंच आखडून:

"डॉक्टर, माझं सासर पाचोऱ्याला, माहेर चोपड्याकडे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. वय 57, शेती केळीची आणि कापसाची. सहा वर्षांपूर्वी बीपी निघालं, गोळी लागली, पण नाना ती डोकं दुखलं तरच घेतात. गेल्या महिन्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी जळगावला नेलं, तर बीपी 184/112. ऑपरेशन पुढे ढकललं. मग ईसीजी, इको, रक्त, लघवी सगळं झालं. इकोत हृदयाची भिंत 13 मिलिमीटर, पंपिंग 60 टक्के. लघवीत 'एसीआर' म्हणून काहीतरी 92. क्रिएटिनिन 1.1. शुगर नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय आणि किडनीवर परिणाम सुरू झालाय. गावात सगळे म्हणतात, क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत. काका म्हणतात, बीपीच्या गोळ्यांनीच किडनी जाते. आणि नाना म्हणतात, 'माले काय व्हयनं? मी आजबी घड उचलस.' अँजिओग्राफी करायची का? केळी बंद करायची का? डायलिसिसची वेळ येईल का? आईला रात्र रात्र झोप नाही."

ताई,

रिपोर्टचे फोटो पाठवलेत हे बरं केलंत. इकोच्या कागदाची घडी नेमकी त्या 13 वरून गेलीय, त्यामुळे आधी मी तो आकडा 18 वाचला आणि दचकलो. मोठा करून पाहिला, 13 च आहे. 18 असता तर सदराची वाट न बघता तुम्हाला कळवलं असतं.

तुमच्या प्रश्नांच्या आधी नानांचा प्रश्न घेतो, कारण गाडी अडलीय ती तिथे. "माले काय व्हयनं?" हे वाक्य मी अमळनेरपासून साक्रीपर्यंतच्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर चिडत नाही. त्यात खोटेपणा नसतो. त्यांना खरंच काही होत नसतं. बीपी 184 असताना माणूस घड उचलतो, ट्रॅक्टर हाकतो, लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहतो. आणि डोकं दुखण्यावर म्हणाल, तर बहुतेकांचं डोकं 160 लाही दुखत नाही. ज्या दिवशी दुखतं त्या दिवशी ऊन लागलेलं असतं, एकादशी असते, नाहीतर रात्री मोटारीची पाळी असते. म्हणजे नानांनी सहा वर्षं गोळ्या घेतल्या त्या उन्हावर आणि जागरणावर. बीपीवर घेतल्याच नाहीत.

त्या सहा वर्षांचा हिशोब (सहाच कशाला, आठ-दहाही असतील, निघालं त्या दिवशीच सुरू झालं असं थोडंच) शरीराने दोन ठिकाणी लिहून ठेवलाय. त्याच या दोन ओळी.

आधी हृदयाची. "हृदय मोठं झालं" हे आम्ही डॉक्टर फार सैलपणे बोलून जातो आणि घरच्यांना वाटतं छातीत काहीतरी फुग्यासारखं फुगलंय. तसं हृदय फुगतंही, कप्पा पसरतो, भिंती ढिल्या पडतात, पण तो वेगळा आणि बहुधा पुढचा टप्पा. नानांचं तसं नाही. त्यांच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीय. तुमच्या माहेरी जुनं धाब्याचं घर असेल तर आठवा. दरवर्षी आतून मातीचा एक हात देत गेलं की भिंत भक्कम होत जाते, बाहेरून घर तेवढंच दिसतं, आणि एके दिवशी लक्षात येतं की खाट आत बसत नाही. नानांच्या हृदयाचं हेच झालंय. समोर रक्तवाहिन्यांमध्ये दाब जास्त, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं, दिवसाला लाखभर ठोके. स्नायू जाड होणारच. बाहेरचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून छातीचा एक्स-रे पुष्कळदा अगदी व्यवस्थित दिसतो. ईसीजीतही कित्येकांचं सुटतं. इकोत मात्र भिंत थेट मोजता येते. पुरुषांमध्ये ती साधारण 6 ते 10 मिलिमीटर असावी. 11 ते 13 ला आम्ही सौम्य म्हणतो. नाना सौम्याच्या शेवटच्या पायरीवर उभे आहेत.

पहिलवानाचा दंड जाड होतो तसंच ना हे, मग वाईट काय, असंही कोणीतरी ओट्यावर म्हणेलच. वाईट असं की पहिलवान आखाड्यातून घरी जातो, दंडाला विसावा मिळतो. इथे विसावा नाही. त्यात जाड भिंतीला स्वतःला रक्त जास्त लागतं आणि ती नीट सैल होत नाही. इकोच्या खालच्या कोपऱ्यात "ग्रेड वन" असं जे लिहिलंय ते हेच: हृदय आकुंचन पावतंय छान, पण दोन ठोक्यांच्या मधे जेवढं मोकळं व्हायला हवं तेवढं होत नाहीय. पंपिंग 60 टक्के म्हणजे 40 टक्के गेलं असं समजू नका. निरोगी हृदयही आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, 55 ते 70 च्या दरम्यान टाकतं. नानांचा 60 उत्तम आहे. फक्त त्या उत्तम आकड्याने 13 चा आकडा खोडला जात नाही. अशी भिंत वर्षानुवर्षं तशीच राहिली तर धाप लागणं, ठोके अनियमित होणं, त्यातून लकवा, असं पुढे वाढत जातं. नाना त्या वाटेला लागलेत, पण गावाबाहेर पडलेले नाहीत.

अँजिओग्राफी? केवळ भिंत जाड आहे म्हणून नाही. चालताना छातीत दाटतं का, जिना चढताना धाप लागते का, हे त्यांना नाही, तुमच्या आईला विचारा. आई दोन्हीला नाही म्हणाल्या तर त्या पैशाला हात लावू नका. आणखी एक, भिंत जाड असली की पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी कधी कधी उगाच बिघडलेला दिसतो आणि घर घाबरतं. तशी तपासणी कोणी सुचवली तर इकोचा हा कागद आधी त्यांच्यापुढे ठेवा.

आता दुसरी ओळ, लघवीतला 92. हिच्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण गावाने नेमकी हीच ओळ मोडीत काढलीय.

नानांच्या मळ्यात ठिबक असणारच. मोटारीच्या पुढे फिल्टर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेशरचे काटे. मोटार गरजेपेक्षा जास्त दाबाने पाणी ढकलत राहिली तर फिल्टरची जाळी ताणते, कुठेतरी बारीकशी फाटते. त्या दिवशी पिकाला काही कळत नाही. पाणी येतंच, उलट जरा जोरात येतं. पण नळीच्या टोकाची बूच काढून पाणी ओंजळीत घेतलं तर गाळाची किंचित कणी दिसते. शहाणा शेतकरी ती कणी बघूनच फिल्टर उघडतो, ड्रिपर चोंदून बाग सुकायची वाट बघत नाही.

किडनीत अशा जाळ्या प्रत्येकी दहा लाखांच्या आसपास असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळपास 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन या जाळीतून जवळजवळ जायलाच नको. दाबाने जाळी ताणली की ते थोडं थोडं गळायला लागतं. एसीआर म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिनच्या हिशोबात मोजलेलं. 30 च्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 मधे असेल तर गळती सुरू झालीय, पण थोडी. 300 च्या वर गेलं की मामला गंभीर. नानांचा 92 ही ओंजळीतली कणी आहे. साध्या लघवी तपासणीच्या रंगीत पट्टीवर एवढी कणी बहुतेक दिसतही नाही, तिथे "निल" असंच येतं. म्हणून ही तपासणी नाव सांगून मागावी लागते.

आणि क्रिएटिनिन? हा रक्तातला कचरा, किडनीने बाहेर टाकायचा. तो वाढणं म्हणजे बाग सुकणं. किडनीचं जवळपास निम्मं काम बंद पडेपर्यंत तो आकडा बऱ्याचदा नॉर्मलच्या रकान्यात बसून राहतो. नानांच्या वयाला 1.1 म्हणजे गाळण्याचा वेग हिशोबाने 78 च्या आसपास निघतो. 60 च्या वर आहे, चांगला आहे. तेव्हा किडनी काम करतेय हे गावाचं म्हणणं बरोबर. ठणठणीत आहे हे चूक.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका, शिकून सांगतोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षक माझ्याकडे बीपीसाठी यायचे. वेळेवर यायचे, गोळ्या मात्र सुट्टीत घ्यायचे नाहीत. मी दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन बघायचो. 1.1, 1.2, 1.1, आणि दर वेळी "गुरुजी, किडनी एकदम छान" म्हणून पाठवायचो. लघवी अल्ब्युमिनसाठी एकदाही पाठवली नाही. मधे दीड वर्ष ते आले नाहीत आणि आले ते पायावर सूज घेऊन, क्रिएटिनिन 2.4. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही. पिशवीतून जुने सगळे कागद काढून तारखेप्रमाणे लावून टेबलावर ठेवले, मास्तरांच्या सवयीने. तेव्हापासून बीपीच्या प्रत्येक माणसाची लघवी वर्षातून एकदा तरी त्या तपासणीला जातेच.

पण 92 वरही आजच शिक्का मारू नका. ताप असेल, लघवीत जंतू असतील, आदल्या दिवशी अंगमेहनत फार झाली असेल तर हा आकडा तात्पुरता वाढतो, आणि 184 च्या बीपीवर तर वाढलेला असणारच. बीपी ताब्यात आल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा. तीन महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तर तो खरा धरायचा. आणि त्या सकाळच्या आदल्या दिवशी नानांना घड वाहू देऊ नका.

तुम्हाला वाटत असेल, एकाच वेळी हृदय पण आणि किडनी पण, म्हणजे दोन रोग झाले. रोग एकच आहे. मोटार आणि जाळी एकाच पाइपला जोडलेल्या असतात. म्हणूनच ज्याची भिंत जाड निघते त्याच्या लघवीत अल्ब्युमिन सापडण्याची शक्यता जास्त, आणि उलटंही. मी तर एक निघालं की दुसरं शोधतोच.

काकांच्या बोलण्यात एक चिमूट तथ्य आहे, त्यामुळेच ते पटतं. जळगावला लिहून दिलेल्या चिठ्ठीत टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन आहे. यातली टेल्मिसार्टन किडनीच्या जाळीतला दाब कमी करते. दाब उतरला की सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढू शकतं. मोटारीचा दाब कमी केला की शेवटच्या नळीला पाणी जरा मंद येतं, तसंच. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो, कारण त्याच गोळीने गळती थांबते आणि जाळी वाचते. लोक काय करतात, तो 1.1 चा 1.3 झालेला बघतात, "बघा, गोळीने किडनी गेली" म्हणतात आणि गोळी फेकतात. म्हणून गोळी नियमित सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा तपासून घ्या. वाढ त्यापेक्षा जास्त असेल तर डॉक्टर बघतील. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्याला सूज येते. ती किडनीची सूज नव्हे, पण आली तर सांगा, डोस बदलता येतो.

किडनी घालवणाऱ्या गोळ्या आहेतच, फक्त काका चुकीच्या डबीकडे बोट दाखवताहेत. तुमच्या पत्रात शेवटून तिसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहिलंय, "कंबरेसाठी दुकानातून आणलेली गोळी रोज संध्याकाळी घेतात, तिचा काही त्रास नाही." ताई, पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा जोर मोडतात आणि किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. त्यात मे महिना, 45 अंशांचं ऊन, अंगातलं पाणी आटलेलं, आणि वर टेल्मिसार्टन. धडधाकट माणसाची किडनी आठवड्यात बसलेली मी पाहिलीय. नानांची ती डबी आजच घरातून काढा. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल, शेक, आणि घड वाहायला माणूस. आणि उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी टेल्मिसार्टन दोन दिवस थांबवावी लागू शकते, पण ते डॉक्टरांना विचारून. नुसता घाम आला म्हणून बंद करायची नाही.

केळी. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातून हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. एका मध्यम केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी फार खचली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि मग केळी मोजून द्यावी लागतात, ही ऐकीव गोष्ट तिथून आलीय. नानांची किडनी आज पोटॅशियम आरामात बाहेर टाकते. रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल आलं की बागेतलं एक-दोन केळं त्यांनी खुशाल खावं, बीपीला ते चांगलंच. बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात मात्र पोटॅशियम भरलेलं असतं. टेल्मिसार्टन चालू असताना ते विचारल्याशिवाय आणू नका. सैंधवही आणू नका, म्हणजे आणा हवं तर, पण ते मीठच आहे हे लक्षात ठेवून.

मिठाचं काय करायचं हे सांगण्यापेक्षा एक हिशोब करायला सांगतो. माहेरी किलोच्या किती पिशव्या महिन्याला लागतात ते आईला विचारा. घरात पाच माणसं. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. पाच माणसं, तीस दिवस, 750 ग्रॅम होतात. म्हणजे एक पिशवी महिना पुरून उरायला हवी. दोन लागत असतील तर माणशी 13 ग्रॅम झाले. आणि यात फाल्गुन-चैत्रात घातलेले बिबडे, उडदाचे पापड आणि लोणचं धरलेलंच नाही. पापडात नुसतं मीठ नसतं, पापडखार असतो, तोही सोडियमच. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात दळतानाच मीठ पडतं, वर ठेचा, वर भरीत, वर कोणी आलं तर शेवभाजी, जिच्यात शेव खारी आणि रस्साही खारा. मी स्वतः धुळ्याचा, हिवाळ्यात भरीत-पार्टीला नको म्हणालो तर नातेवाईक तोडतील. तेव्हा भरीत सोडा असं मी सांगणार नाही. ताटातला पापड, लोणचं आणि वरून घ्यायचं मीठ एवढं उचला. कळण्याचं पीठ पुढच्या वेळी बिनमिठाचं दळा. पहिले तीन आठवडे नाना कुरकुरतील, मग जिभेला सवय होते. आणि हे फक्त नानांच्या ताटापुरतं केलंत तर टिकणार नाही, पूर्ण चुलीला लागू करा.

पत्रात तंबाखूचा उल्लेख नाही. नसेल तर उत्तम. तुम्ही लिहायचं टाळलं असेल, तर तुम्हाला माहितीच आहे.

बीपी घरी मोजा. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. शेतातून आल्या आल्या, चहा घेत, पाय लोंबकळत खाटेवर बसून मोजलेलं धरू नका. लघवीला जाऊन यायचं, खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसायचं. मोबाइलही नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, शर्टाची बाही दुमडून करकचून वर सारलेली नको. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मापात ती 135/85 च्या वर असेल तर गोळ्या कमी पडताहेत. आपल्याला 130/80 च्या खाली यायचंय, पण हप्त्याहप्त्याने. 184 वरून एका रात्रीत 120 आणायला गेलात तर नाना चक्कर येऊन पडतील आणि मग आयुष्यात गोळीला हात लावणार नाहीत. केळीचा भाव रोज वहीत टिपून ठेवणारा माणूस बीपीही टिपू शकतो. त्याच वहीत टिपू दे.

गोळ्यांच्या खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. या दोन्ही साध्या, जुन्या, स्वस्त गोळ्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, जनऔषधी दुकानात अगदी कमी पैशात. चोपड्याहून दर महिन्याला जळगाव गाठायची गरज नाही.

डायलिसिसचं विचारलंत. 92 च्या आकड्यावरून डायलिसिसपर्यंत बहुतेक माणसं पोचतच नाहीत, आणि जी पोचतात त्यांच्यात गोळ्या सोडलेले पुष्कळ असतात. जाड झालेली भिंत परत बारीक होते आणि गळती परत कमी होते, हे मी धीर द्यायला म्हणत नाही. 2002 मध्ये 'लाइफ' नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोप-अमेरिकेतले नऊ हजारांवर रुग्ण, सगळे बीपीचे, सगळ्यांच्या ईसीजीत नानांसारखीच जाड भिंत. टेल्मिसार्टनच्याच जातीची लोसार्टन काहींना, ॲटेनोलॉल हे जुनं औषध बाकीच्यांना, असं चार-पाच वर्षं दिलं. लोसार्टनवाल्यांमध्ये लकवा कमी झाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढे आलं: ज्यांची भिंत उतरली आणि लघवीतलं अल्ब्युमिन घटलं, त्यांना हृदयाचे झटके, लकवा असले प्रसंग कमी आले. म्हणजे या दोन ओळी नुसत्या नोंदी नाहीत, त्या खोडता येतात, आणि खोडल्याचा फायदा दिसतो. लघवीचा आकडा तीन महिन्यांत हलायला लागतो. भिंतीला वेळ लागतो, इको वर्षाने करा, आधी केलात तर उगाच पैसे जातील.

"गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही" या नानांच्या म्हणण्यावर वाद घालू नका, ते खरंच आहे. ठिबकच्या फिल्टरची सफाईही सुटत नाही. मळ्यात जाऊन त्यांना काट्याजवळ उभं करा आणि विचारा, काटा लालमध्ये असताना बागेला पाणी येतंय म्हणून तुम्ही मोटार तशीच चालू ठेवाल का? उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या. वडिलांना शिकवायला गेलेली मुलगी हरते. विचारायला गेलेली बऱ्याचदा जिंकते.

हर्नियाची घाई नाही, बीपी महिना-दीड महिना ताब्यात राहू द्या, मग तारीख घ्या. मात्र तो फुगा कडक झाला, आत जात नाहीसा झाला, दुखायला लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर बीपी कितीही असो, सरळ दवाखाना गाठा.

आणि ताई, चार पानी पत्रात तुम्ही नानांचे सगळे आकडे लिहिलेत, भावाला शुगर नाही हेही लिहिलंत. स्वतःचं बीपी कुठेच नाही. वडिलांना बीपी असलं की मुलांना व्हायची शक्यता वाढते, मुलीलाही. वय तुम्ही 34 लिहिलंय, आणि शेवटी "दुसऱ्यांदा विचार चालू आहे" असंही. गरोदरपणात ही टेल्मिसार्टन अजिबात चालत नाही, तेव्हा तुमचं बीपी आधीच माहीत असलेलं बरं. नानांसाठी मशीन आणाल त्या दिवशी पट्टा पहिल्यांदा तुमच्या दंडाला बांधा, आणि तो आकडा मला कळवा.